गेट्टी मेळम!

चपला त्या कोपऱ्यात काढा आणि पटकन मांडवात शिरा. बाहेर रेंगाळलात तर वैकासी महिन्याचं ऊन टाळू भाजून काढेल. साल १९३५च्या आसपासचं. कुंभकोणमजवळच्या एका खेड्यात, अय्यर कुटुंबात लग्न आहे. लग्न एका घरचं असलं तरी नारळाच्या झापांचा मांडव अख्ख्या अग्रहाराच्या गल्लीवर पडलाय. तोंडाशी घडांसकट बांधलेल्या केळी, वर आंब्याच्या पानांचं तोरण आणि पायाशी तांदळाच्या ओल्या पिठाचं कोलम, त्याला गेरूची लाल किनार. अहो, त्यावर पाय नका देऊ! कडेकडेनं या.

अंगावर गुलाबपाणी उडतं, हाताला गंध लागतं, तळव्यावर खडीसाखरेचा खडा पडतो. झालात तुम्ही पाहुणे. मुलीकडच्यांना वाटतंय तुम्ही मुलाकडचे आणि मुलाकडच्यांना वाटतंय मुलीकडचे. भाषेची काळजी करू नका. पलीकडच्या ओट्यावर तंजावरच्या मराठी घराण्यातली एक आजी बसलीय. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात. जुन्या वळणाच्या मराठीत ती तुम्हाला बसायला सांगेल आणि न विचारता सगळं समजावून देईल.

कॉफी हवी तर परसात जा. लांबलचक चुलाणांवर पितळेची अजस्र भांडी चढलीत. चिंचेचा कोळ, हिंग, कढतं तूप आणि ओल्या लाकडाचा धूर यांनी नाक चुरचुरतं. उघड्या अंगाचे आचारी घामानं निथळताहेत. पहिली कॉफी व्याह्यांकडे जाते, मग बाकीच्यांना. ती पातळ झाली तर दुपारपर्यंत रुसवा टिकेल, म्हणून मुलीचा बाप स्वतः वास घेऊन बघतोय.

आता मागच्या खोलीत डोकवा. नवरी चौदा-पंधरा वर्षांची आहे. वेणीवर सोन्याचा साज, त्यात मोगरा, त्यात केवडा. त्या ओझ्यानं तिची मान मागे ओढली जातेय. ज्याच्याशी लग्न होणार त्याला तिनं एकदाच पाहिलंय, तेही खाली घातलेल्या मानेनं. हे लग्न पाच दिवस का चालतं, ते तिच्याकडे बघून कळेल. अनोळखी माणसाची ओळख व्हायला वेळ लागतो, आणि इथे तो वेळ विधींमध्येच बांधून ठेवलाय.

अंगणात सवाष्णी मातीच्या छोट्या कुंड्यांत नवधान्य पेरून वर दूध-पाणी शिंपताहेत. ही पालिका. लग्न संपेपर्यंत कोंब वर येतील, मग त्यांचं विसर्जन होईल.

अंधार पडला की जानवासम, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक. उघड्या मोटारीत नवरदेव कोट-पँट घालून बसलाय, गळ्यात जाड हार, आणि गल्लीतली सगळी पोरं त्याच्या आजूबाजूला खच्चून भरलीत. दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं चालताहेत. बत्त्यांची झळ तुमच्या गालाला लागतेय, किडे तोंडावर येताहेत. पुढे सनईसारखं नादस्वरम तोडी रागात शिरलंय आणि कुणी हलायला तयार नाही. मिरवणूक चौकात थांबलीय, म्हातारे डोळे मिटून माना डोलावताहेत. नादस्वरमवादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळैंच्या तोडीनं या मुलखाला वेड लावलंय, त्यामुळे प्रत्येक वादकाचं माप त्यांच्याशीच लागतं.

सकाळी लवकर उठा, नवरदेव पळून चाललाय! छत्री, काठी, ताडाचा पंखा आणि पोथी घेऊन तो काशीला निघालाय. संसार नको, विद्या हवी म्हणतो. सासरा मागे धावतो, मुलगी देतो म्हणून विनवतो आणि स्वारी लगेच वळते. मग दोन्हीकडचे मामा नवरा-नवरीला उचलून घेतात. हार घालायला ती वाकली की त्याचा मामा मागे सरतो, तो वाकला की तिचा. तुमच्या पायावर कुणाचा तरी पाय, पाठीत कुणाचं तरी कोपर. तिसऱ्या खेपेला हार गळ्यात पडतो तेव्हा दोघं एकमेकांकडे सरळ बघतात.

लगेच ऊंजल. साखळ्यांच्या झोपाळ्यावर दोघांना शेजारी बसवतात. बायका मडिसार सावरत येतात. ही नऊवारीच, नेसण मात्र इथली. त्या दोघांच्या पावलांना दूध लावून रेशमी पदरानं पुसतात, दूध-केळं भरवतात, लाल-पिवळ्या भाताचे मुटके ओवाळून चारी दिशांना फेकतात. दृष्ट लागायला नको ना! गाणी चालू, झोपाळा चालू. दोघांचे खांदे एकमेकांना लागताहेत आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मुहूर्त जवळ आला. होमाच्या धुरानं डोळे झोंबतात. इथे अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत. नवरीच्या डोक्यावर दर्भाचं कडं ठेवून वर बैलगाडीचं जू धरतात, त्याच्या भोकात सोनं ठेवून पाणी ओततात. वेदातल्या अपालेला इंद्रानं शुद्ध केलं, त्याची ही आठवण. मग नवं कोरं कूरै लुगडं नेसून ती बापाच्या मांडीवर बसते. बापाचा हात तिच्या खांद्यावर आहे, बोटं घट्ट.

वाद्यार, म्हणजे भटजी, हात उंचावून बोट हलवतात. “गेट्टी मेळम! गेट्टी मेळम!”

कान झाका हवं तर. तविलवाल्यानं बोटांना कडक टोपणं चढवलीत आणि तो जीव खाऊन बडवतोय, त्यावर नादस्वरमची किंकाळी. या क्षणी कुणाची शिंक, कुणाचं रडणं, एखादा वाईट शब्द कानावर पडू नये म्हणून हा गदारोळ. त्यात मंगळसूत्राची पहिली गाठ नवरा बांधतो, उरलेल्या दोन त्याची बहीण. अक्षता तुमच्या केसांत अडकतात. नवरी रडत असेल तर रडू दे. हा आवाज तिला आडोसा देण्याएवढा मोठा आहे.

पुढे सप्तपदी, आणि पाट्यावर पाऊल. दगडासारखी स्थिर राहा, असा मंत्र. मग पंगत. पानाचं निमुळतं टोक डावीकडे आलं ना? सांबार, रसम, पायसम येत राहील. दोन्ही हात पानावर आडवे धरल्याशिवाय वाढपी थांबत नाहीत.

जेवून झोपू नका, नलंगू चुकेल. पुरुष बाहेर पेंगताहेत, आत बायकांचं राज्य. सगळ्यांसमोर नवऱ्याला खेळायला बोलवायचं, तेही गाऊन. तिचा आवाज त्याच्या कानावर पहिल्यांदाच पडतोय. ती त्याच्या पायांना हळद-कुंकू लावते, मग दोघं एकमेकांच्या डोक्यावर अप्पळम, म्हणजे पापड, फोडतात. कुरकुरीत चुरा त्याच्या भुवयांवर बसतो आणि ती हसते, मोठ्यानं, तोंडावर हात न घेता. करवल्या ओरडतात, सासू लटकं रागावते. आता दोघांमध्ये नारळ घरंगळतोय. पकडेल तो जिंकला. तो पाहा, सुटून थेट तुमच्या मांडीशी आला! सगळ्या बायका तुमच्याकडे बघताहेत. विचार कसला करताय? ढकला तिच्याकडे!