भाड्यात काय काय? चाळीपासून करारापर्यंत



कसारा घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली ती १८६५ साली. तेव्हापासून मुंबईची वाट आपल्या दारावरूनच जाते. आज आपल्या लेकी नोकरीसाठी मुंबईला, नाशिकला खोली बघतात. मालक म्हणतो, "लाईट-पाणी भाड्यातच." ऐकायला बरं वाटतं. पण भाड्यात नक्की काय येतं, हा प्रश्न फार जुना आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्तीत त्याने थैमान घातलं, तेव्हा कुठे गरिबांच्या घरांकडे सरकारचं लक्ष गेलं. पुढे १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. साधारण १६० चौरस फुटांची एक खोली, संडास सामाईक. एकट्या आलेल्या गिरणी कामगाराला डोक्यावर छप्पर मिळालं, पण जेवणाचं काय? ती सोय गिरणगावातल्या बायांनी केली. महिन्याच्या पैशांवर त्या खानावळी चालवत. याच बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

१९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या दराला बांधली. भाडेकरूला आधार मिळाला. पण भाडं तेवढंच राहिलं आणि खर्च वाढत गेला, तशी मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. जुन्या इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. म्हणजे नुसतं भाडं स्वस्त असून भागत नाही. देखभाल कोणी करायची, तेही ठरलेलं लागतं.

आता आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. भाड्याची पावती मागणं हा भाडेकरूचा हक्क आहे. योग्य कारणाशिवाय मालकाला पाणी, वीज, जिन्यातला दिवा किंवा सफाई बंद करता येत नाही.

म्हणून लेक खोली बघायला निघाली की तिला चार गोष्टी विचारायला सांगा. वीज किती युनिटपर्यंत भाड्यात? पाणी रोज किती वेळ? नळ-मोरी बिघडली तर खर्च कोणाचा? डिपॉझिट परत कधी? उत्तरं तोंडी घेऊ नका, करारात लिहून घ्या. बचत गटाची वही आपण जशी दर बैठकीला तपासतो, तसाच करारही ओळ न ओळ वाचा आणि मगच सही करा.