जळू न शकणारं झाड

बागेत सफरचंदाचं झाड बहरलंय आणि आपण ते बघतोय. एडमुंड हुसर्लने १९१३ सालच्या ‘आयडियाज’मध्ये हे साधं उदाहरण घेतलं आणि पुढे म्हटलं की झाड जळू शकतं, पण ते पाहण्यातला अर्थ जळू शकत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथेच अडकले. हा न जळणारा अर्थ असतो तरी कुठे?

प्रश्न जुना आहे. १८७४ मध्ये फ्रान्झ ब्रेंटानोने सांगितलं होतं की मनाचा प्रत्येक व्यापार कशाकडे तरी रोखलेला असतो. भीती कशाची तरी, प्रेम कुणावर तरी. ही विषयोन्मुखता. पण भूत नसतानाही भुताची भीती वाटते, मग ती रोखलेली कशावर? हुसर्लचं उत्तर होतं ‘नोएमा’: वस्तू जशी जाणवते तशी.

यावरून पुढे दोन तट पडले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अखेर अमेरिकेत पोचलेल्या आरोन गुरविचसाठी नोएमा म्हणजे या बाजूने दिसणारं झाडच. अशा सगळ्या दर्शनांची सुसंगत मांडणी म्हणजे ती वस्तू. १९६९ मध्ये नॉर्वेच्या डागफिन फोलेसडालने हे उलटवलं. नोएमा डोळ्यांना दिसतच नाही, तो फ्रेगेच्या ‘अर्था’सारखा अमूर्त आहे. पहाटेचा तारा आणि सांजतारा हे दोन अर्थ, शुक्र मात्र एकच. यावर रॉबर्ट सोकोलोव्स्की आणि जॉन ड्रमंड यांचं म्हणणं असं, की नोएमा म्हणजे वेगळ्या दृष्टीने न्याहाळलेली तीच वस्तू. मध्ये तिसरं काही नाही.

वाद इतिहासाचाही होता. १८९४ साली फ्रेगेने हुसर्लच्या पुस्तकावर कडक टीका केली; त्यामुळेच हुसर्ल बदलला, असं फोलेसडालचं मत. कटकमध्ये जन्मलेल्या जितेंद्रनाथ मोहंतींनी दाखवलं, की अर्थ आणि वस्तू हा भेद हुसर्लच्या १८९१ च्या लेखनातच आहे.

भ्रम समजावून घ्यायला मला फोलेसडाल सोयीचा वाटतो. अर्थ शाबूत असतो, वस्तू नसते. शिवाय आपण अर्थ बघतो असं तोही म्हणत नाही. अर्थामुळे झाड बघतो, म्हणतो. तरी माझा कल ड्रमंडकडे आहे. मैत्रिणीबद्दल माझा गैरसमज होतो, तेव्हा मी तिच्याबद्दलच चुकलेली असते, मनातल्या एखाद्या प्रतिमेबद्दल नाही. म्हणून तर तिची माफी मागता येते.