समुद्र तेल बनवतो, समुद्रच तेल खातो. मग गळतीची चिंता कशाला?

मंडळी, सोलापूर रस्त्यावरचे तेलाचे टँकर आपल्याला नवे नाहीत. मुंबईहून पाइपलाइनने लोणी काळभोरला आलेलं पेट्रोल-डिझेल टँकरमध्ये भरून पुढं जातं. म्हणून आज तेलाचाच थोडा इतिहास सांगतो.

फेब्रुवारी १९७४. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘सागर सम्राट’ला तेल लागलं. आदल्याच वर्षी जगात तेलाचे भाव भडकलेले, त्यामुळे देशाला हायसं वाटलं. १९७६ ला बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं.

तेल आलं, पाठोपाठ गळतीही आली. १९९३ च्या मे महिन्यात बॉम्बे हायहून उरणला येणारी पाइपलाइन फुटली. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं. मासेमारी थांबली, लोक मासळी घ्यायला कचरू लागले. तेव्हा किनारा साफ करायला टेरी संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे तेल खाणारे जीवाणू वापरले गेले.

आता प्रश्न असा, की जीवाणूंना तेल खायची सवय लागली कुठून? माणसानं विहिरी खोदल्या त्या काल-परवा. समुद्राच्या तळातून तेल आपोआप झिरपतं, हे एक कारण आहेच. दुसरं २०१५ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी मांडलं. प्रोक्लोरोकॉकस आणि सिनेकोकॉकस हे समुद्रातले सूक्ष्म जीवाणू उन्हावर जगतात आणि जगता जगता डिझेलमध्ये असतात तसे हायड्रोकार्बन स्वतःच तयार करतात. किती? अंदाज आहे वर्षाला ३० ते ७७ कोटी टन! गळती, जहाजं आणि तळातला झिरपा मिळून समुद्रात जाणारं खनिज तेल साधारण १३ लाख टन धरलं होतं. म्हणजे दोनशे पटींहून जास्त. आणि हे सगळं दुसरे जीवाणू रोजच्या रोज फस्त करतात.

इथं काहीजण लगेच म्हणतील, “बघा, निसर्गच एवढं तेल करतो, मग कंपन्यांच्या नावानं ओरड कशाला?”

हा हिशेब चुकीचा आहे. जीवाणूंचं तेल अख्ख्या महासागरात कणाकणानं पसरलेलं असतं. एका जागी साचत नाही, म्हणून लगेच संपतं. शिवाय ती रसायनं मोजकी आणि साधी. खनिज तेलात मात्र हजारो घटक असतात, त्यातले काही विषारी आणि सहजी न पचणारे. ते एकाच खाडीत, एकाच दिवशी ओतलं, की जीवाणूंना प्राणवायू आणि खतपाणी कमी पडतं. मिठाची चिमूट आमटीत पडणं वेगळं आणि अख्खं पोतं पडणं वेगळं.

समुद्र लांब आहे म्हणून आपण सुटलो असं नाही. गॅरेजमधलं काळं ऑइल नाल्यात ओतलं, की ते मुळा-मुठेत जातं, तिथून भीमेत आणि पुढं उजनीत. ते खायला समुद्रातले जीवाणू मांजरीच्या पुलाखाली येणार नाहीत.

आपल्या भागातलं जुनं ऑइल नेमकं जातं कुठं? गॅरेजवाल्यांनी आणि नगरसेवकांनी खाली जरूर लिहा.