दोन वाडे, दोन शाळा

श्रोतेहो, शाळा चांगली कोणती, हे आपण कशावरून ठरवतो? इमारतीवरून, निकालावरून, की मास्तरांवरून? आज पुण्यातल्या दोन जुन्या शाळा शेजारीशेजारी ठेवून पाहू या.

विश्रामबाग वाडा आणि बुधवार पेठेतला भिडे वाडा, यांत पायी दहा मिनिटांचेही अंतर नाही. पेशवाई बुडाल्यावर 1821 साली कमिशनर चॅप्लिन यांनी विश्रामबागेत संस्कृत पाठशाळा काढली. खर्च पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून होई. व्याकरण, न्याय, ज्योतिष असे विषय तिथे शिकवीत. शास्त्री विद्वान होते, वाडाही प्रशस्त होता. पण दार उघडे होते ते फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांना.

आता दुसरी शाळा पाहा. 1848 साली जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाई तिथे बिनपगारी शिकवीत. पाठीशी फंड नव्हता, होता तो लोकांचा रोष. त्या पायी 1849 मध्ये या पतिपत्नींना घर सोडावे लागले. शाळा काही महिन्यांतच बंद पडली. पण 1851 साली त्यांनी पुन्हा सुरुवात केली. बुधवार पेठेत, मग रास्ता पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. पुढच्या वर्षी वेताळ पेठेत महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा उभी राहिली.

आणि गंमत पाहा, 16 नोव्हेंबर 1852 रोजी सरकारतर्फे मेजर कँडी यांनी जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला, तो त्याच विश्रामबाग वाड्यात!

पण शालीने पोट भरत नाही, मंडळी. पैशाचा प्रश्न तसाच राहिला. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी तोच मांडला. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा कुठला न्याय? त्यांची मागणी साधी होती. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. मोडी, बालबोध, हिशेब यांच्या जोडीला शेतीचेही ज्ञान द्यावे. मास्तर शेतकरी वर्गातले असावेत, नांगर धरायला न लाजणारे; आणि त्यांना पगार निदान बारा रुपये मिळावा.

पाठशाळेचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. तिची विद्वत्ता कमी लेखण्याचे कारण नाही. मोडकळीस आलेला भिडे वाडा मात्र स्मारकासाठी डिसेंबर 2023 मध्ये पाडला गेला.

गुरुजी, बाई, पाठशाळेत काय शिकवतात हे पाहिले, तर ती भारी ठरते. दाराबाहेर कोण उरले हे पाहिले, तर पारडे फिरते. तेव्हा उद्या हजेरी घेताना पटावरची नावे वाचाच. पण ऊसतोडीला गेलेले, गुरांमागे फिरणारे, धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसलेले पोर कोणते, तेही गावात एकदा विचारून या.