जात्यावरची ओवी आणि नवा संगणक

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. रेडिओवर तेव्हा टेप कापून, चिकटवून चूक काढत. पुढे ते काम संगणकावर आलं. २००५पासून घरच्या संगणकाची चिप दोन कामं एकदम करू लागली. २०२०मध्ये ॲपलची एम-१ आली. वेग वाढला, पण ढोलकी, पेटी, कोरस असे पुष्कळ आवाज जुळवताना तो खरा जाणवतो. आपल्या अहिल्यानगरच्या गावात आजी एकटीच गाते. तिच्या एका आवाजाला जुना संगणक पुरतो. म्हणून आम्ही सांगतो, गटाचे पैसे आधी चांगल्या माइकला द्या. माइकने न टिपलेला शब्द नवी चिप आणून देत नाही.