घोडामैदान आणि मोतद्दार

मॉरिशसच्या मराठी घरांत वाढलेल्या माणसाला घोड्यांच्या शर्यतीची ओळख करून द्यावी लागत नाही. पोर्ट लुईचे शाँ द मार्स मैदान २५ जून १८१२ रोजी शर्यतींसाठी खुले झाले. करारबद्ध मजुरांची जहाजे १८३४ पासून त्या बंदराला लागू लागली, म्हणजे आपले पूर्वज उतरले तेव्हा घोडे तेथे आधीच धावत होते. आपल्यातील पुष्कळांचे वाडवडील ज्या मुंबई बंदरातून निघाले, त्या मुंबईतही रेसचा नाद जुनाच. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३चे. आता आपल्यातील काही कुटुंबे अमेरिकेत स्थिरावली आहेत, आणि मे महिन्याचा पहिला शनिवार आला की केंटकी डर्बीच्या गप्पा आपल्याही घरांत रंगतात. आज कोणता घोडा येणार, हा प्रश्न अमेरिकेत लोक कसा सोडवीत आले आणि त्या हिशेबात कोणाला रकाना मिळाला, कोणाला नाही, ते या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दिवसाच्या शर्यतींचा अंदाज बांधायला माणूस बसतो तेव्हा त्याच्या हाती पहिल्यांदा कागद येतो. फ्रँक ब्रुनेल यांनी १८९४ मध्ये शिकागोत ‘डेली रेसिंग फॉर्म’ हे पत्र सुरू केले आणि घोड्याचा पूर्वेतिहास छापील ओळींत वाचण्याची सवय अमेरिकेला लागली. एकेका ओळीत एकेक जुनी शर्यत असते: तारीख, मैदान, अंतर, धाव मातीवरची की हिरवळीवरची, पाठीवरचे वजन, प्रत्येक टप्प्यावर घोडा कितवा होता, शेवटी किती लांबीने जिंकला वा हरला, त्या दिवशी भाव काय होता. वर बाप, आई आणि आईचा बाप यांची नावे. मालक, ट्रेनर आणि जॉकी यांचीही नावे.

जाणता माणूस आधी शर्यतीची पायरी पाहतो. एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्यांची शर्यत वेगळी, आणि ‘क्लेमिंग’ शर्यत वेगळी. या दुसऱ्या प्रकारात धावणारा प्रत्येक घोडा आधीच जाहीर केलेल्या किमतीला विकाऊ असतो, म्हणून मालक चांगला घोडा तेथे सहसा उतरवीत नाही. वरच्या पायरीवरचा घोडा अचानक खाली उतरवला असेल तर दोन अर्थ निघतात: एकतर आज तो सहज जिंकेल, नाहीतर त्याच्या पायात काही दुखणे आहे आणि मालकाला तो खपवायचा आहे. कागद दोन्ही अर्थ उघडे ठेवतो.

मग वेळ पाहायची. पण नुसत्या सेकंदांवर विसंबता येत नाही, कारण मैदान एके दिवशी कडक व वेगवान असते, दुसऱ्या दिवशी जड. अँड्र्यू बायर या क्रीडालेखकाने त्या दिवशीचे मैदान किती वेगवान होते ते काढून, ते वजा करून, प्रत्येक धावेला एक आकडा देण्याची पद्धत बसवली आणि १९७५ मध्ये पुस्तकातून ती सर्वांपुढे ठेवली. १९९२ पासून ते आकडे ‘डेली रेसिंग फॉर्म’मध्येच छापले जातात. गंमत अशी की जे एकट्याला ठाऊक होते तोवर सोने होते, ते सर्वांना कळताच त्याचा भाव उतरला.

याचे कारण पैशाच्या व्यवस्थेत आहे. १९०८ मध्ये लुईव्हिल शहराने बुकींना मनाई केली, तेव्हा मॅट विन यांनी डर्बीसाठी पॅरी-म्युच्युअलची यंत्रे बाहेर काढली. मूळ युक्ती पॅरिसच्या जोसेफ ओलेर यांची. सगळ्यांचे पैसे एका राशीत जमा होतात, मैदानाचा आणि सरकारचा वाटा आधी काढला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. जिंकणाऱ्या घोड्यावरच्या साध्या पैजेत हा वाटा साधारण सहाव्या हिश्श्याच्या घरात असतो. म्हणजे खेळ घोड्यांशी नसून शेजारी उभ्या असलेल्या माणसांशी असतो. सकाळी कार्डावर छापलेला भावही कोण जिंकेल हे सांगत नाही. लोक कोणावर किती पैसे लावतील, याचा तो मैदानाच्या माणसाने केलेला अंदाज असतो. लोकांचा लाडका घोडा साधारणपणे तिनांत एकदा येतो, आणि येतो तेव्हा थोडेच देतो. म्हणून ‘कोण जिंकेल?’ यापेक्षा ‘लोक समजतात त्यापेक्षा कोणाची शक्यता जास्त आहे?’ हा प्रश्न खरा.

तरीही घोडामैदान जवळ आले की कागद थिटा पडतो. २०२२च्या डर्बीत रिच स्ट्राइक हा घोडा आदल्या दिवशी दुसऱ्याने माघार घेतली म्हणून कसाबसा आत आला. कधीकाळी तो ३०,००० डॉलरच्या क्लेमिंग शर्यतीतून विकत घेतलेला. भाव एकास ऐंशी. तो जिंकला आणि दोन डॉलरचे तिकीट १६३ डॉलर ६० सेंटला गेले. त्याहून मोठा धक्का डर्बीत एकदाच बसला होता, १९१३ मध्ये, डोनेरेलच्या विजयाने.

आता कागदावरच्या नावांकडे वळू. पहिली केंटकी डर्बी १७ मे १८७५ रोजी झाली. पंधरा जॉकींपैकी तेरा कृष्णवर्णीय होते. जिंकलेल्या ॲरिस्टाइडीसवर ऑलिव्हर लुईस बसला होता, आणि घोड्याचे ट्रेनर अँसेल विल्यमसन हे गुलामीत जन्मलेले. आयझॅक मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा डर्बी जिंकली. घोड्याचा दम शेवटापर्यंत राखून ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या काळी घोडा पाहण्याआधी त्याचे नाव पाहणे हाच शहाणपणाचा अंदाज होता. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोनदा बाजी मारली.

मग वर्णभेदाचे दिवस कडक झाले. गोरे जॉकी धावत्या शर्यतीत कृष्णवर्णीय जॉकींना कठड्यावर रेटू लागले, आणि मालकांनी त्यांना घोडे देणे बंद केले. विंकफील्ड रशियाला गेला, तेथेही जिंकला, क्रांतीनंतर फ्रान्समध्ये राहिला. १९६१ मध्ये सन्मानाच्या भोजनाला लुईव्हिलला आला, तर हॉटेलच्या दारात त्याला अडवले गेले. १९२१ नंतर थेट २००० सालापर्यंत डर्बीत एकही कृष्णवर्णीय जॉकी उतरला नाही. मर्फी १८९६ मध्ये वारला. त्याची कबर पुढे विस्मृतीत गेली आणि १९६०च्या दशकात शोधून काढावी लागली. आज ती केंटकी हॉर्स पार्कमध्ये, मॅन ओ’ वॉर या थोर घोड्याच्या कबरीजवळ आहे.

हे वाचताना आम्हाला मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदवह्या आठवतात. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव. मजूर ओळखू यावा म्हणून केलेली ती नोंद. शर्यतीच्या घोड्याची वंशावळ दहा पिढ्या मागे नेता येते. आपल्यातील पुष्कळांची वाट बापाच्या नावापाशी संपते, आणि तेही कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले.

जॉकीचे नाव निदान छापले जात होते. मोतद्दाराला आजही सहसा रकाना नाही. पहाटे उजाडण्यापूर्वी तबेल्यात येऊन घोड्याच्या पायांवरून हात फिरवणारा, कुठे ऊन लागते का पाहणारा, रात्रीची चंदी संपली की तशीच पडली हे आधी जाणणारा माणूस तोच. १९७३ मध्ये सेक्रेटेरिएटने बेलमाँट शर्यत ३१ लांबींनी, २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली. तो विक्रम अजून अबाधित आहे. त्या घोड्याचा मोतद्दार एडी स्वेट हा दक्षिण कॅरोलिनाचा कृष्णवर्णीय माणूस. आज अमेरिकेच्या तबेल्यांत पुष्कळसे मोतद्दार मेक्सिको, ग्वाटेमाला अशा देशांतून येतात. काही जण एच-२बी व्हिसावर असतात, आणि तो व्हिसा ज्या मालकाने बोलावले त्याच्याशी बांधलेला असतो. गिरमिट आणि हा व्हिसा एक नव्हेत. मळा सोडून जाणाऱ्या आपल्या पूर्वजांना तुरुंग दाखवला जाई, या मोतद्दाराला ते भय नाही. पण परक्या देशात एका मालकाच्या नावावर राबणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागू नये.

म्हणून आमचे सांगणे दोन प्रकारचे आहे. डर्बीच्या दिवशी अंदाज बांधायचा असेल तर खुशाल बांधा. कागद नीट वाचा, मग शर्यतीपूर्वी घोडे फिरवतात त्या रिंगणापाशी जा. घोडा घामाने थबथबला आहे का, मान शांत आहे का, आणि लगाम धरून चालणाऱ्या माणसाचे त्याला ऐकू येते का, ते पाहा. तेवढ्याने जिंकाल असे नाही, पण कागदात नसलेले काहीतरी कळेल. घरखर्चाच्या पैशाला मात्र हात लावू नका; राशीतला पहिला वाटा आपला कधीच नसतो.

दुसरे सांगणे घरातल्या कागदांविषयी. ही स्मरणिका हाती आली की आपल्या पणजोबा-पणजीचा नोंदक्रमांक, गाव, मळ्याचे नाव आणि त्यांनी कोणते काम केले, हे लिहून काढा. बैल कोण हाकत होते, गिरणीत कोण होते, साहेबाच्या तबेल्यात घोड्याला खरारा करायला कोण होते, हे सांगणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. नोंदवहीने जे विचारले नाही ते त्यांना आपण विचारायचे आहे.