पाचगणीचा पियानो, कोहमाऱ्याचा रस्ता

मागच्या दिवाळीत नागपूरहून घरी, अर्जुनी मोरगावला, गाडीने निघालो. शेजारी बाबा. साकोली मागे पडलं, कोहमाऱ्याला हायवे सोडून नवेगावबांधकडे वळलो, जंगल सुरू झालं आणि मी क्वीनचं 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' लावलं. कोरसला डावी मूठ आपोआप हवेत!

बाबा म्हणाले, "हात खाली घे आधी. अन् हा कोन इंग्रज बोंबलून रायला?"

इंग्रज?! मग काय, इतिहासाचा तास सुरू.

म्हटलं, बाबा, हा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा. पारशी घरातला. १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मला, वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. आठेक वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला समुद्रापार पाठवलं, थेट आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, बोर्डिंगला. तिथे तो पियानो शिकला. तिथेच पोरं त्याला 'फ्रेडी' म्हणायला लागली. आणि १९५८ च्या सुमारास चार मित्रांसोबत त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत रॉक अँड रोल वाजवायचे, फारुख पियानोवर.

१९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये क्वीन उभा राहिला. हे गाणं त्यानंतरचं, १९७८ च्या 'जॅझ' अल्बममधलं, फ्रेडीनेच लिहिलेलं.

आता गंमत बघा. मुठी उडवायला लावणारं गाणं म्हणजे गिटारचा धिंगाणा, असं आपण धरून चालतो. इथे गिटार मुख्यतः मधल्या सोलोपुरती. गाणं पळवतो तो पियानो, मिनिटाला साधारण १५६ ठोके! २००५ मध्ये 'टॉप गियर'च्या प्रेक्षकांनी ड्रायव्हिंगचं सर्वोत्तम गाणं म्हणून हेच निवडलं. आणि त्या बोटांना वळण लागलं सातारा जिल्ह्यात. रॉक म्हणजे परक्यांचं, हे म्हणणं मला तरी आता पटत नाही.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आठ वर्साचा? माय कशी रायली असंन त्याची?"

मला दहाव्या वर्षी हॉस्टेलला सोडून ते एसटीने एकटेच परतले होते. त्याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. त्या दिवशीही नाही.

नवेगावबांध आलं तेव्हा म्हणाले, "लाव परत."

लावलं. हात मात्र दोन्ही स्टिअरिंगवरच ठेवायला लावले!